ओढा काठ का खातो?

बांधकामाच्या दिवसांत ओढा गढूळ झाला की आपण म्हणतो, माती वाहून चालली. काही वर्षांनी तोच ओढा काठ खाऊ लागतो, तेव्हा दोष पावसाला देतो. भूगोल शिकवताना आम्ही मुलांना सांगतो, हे एकाच गोष्टीचे दोन टप्पे आहेत.

अमेरिकेत मेरीलँड राज्यात रॉकव्हिल शहराजवळ वॉट्स ब्रँच नावाचा खड्यागोट्यांचा छोटा ओढा आहे. लुना लिओपोल्ड या शास्त्रज्ञांनी १९५३ पासून त्याची मोजमापे घेतली. ४१ वर्षांच्या नोंदी झाल्या. सुरुवातीला आजूबाजूला शेती होती, मग वस्ती वाढली. बांधकामाची उघडी माती ओढ्यात उतरली, पात्र आक्रसले. पुढे घरे आणि रस्ते झाले, पूर वारंवार येऊ लागले आणि पात्र रुंदावत गेले.

कारण साधे आहे. छपरावरचे आणि डांबरावरचे पाणी मुरत नाही. ते जोरात येते, पण सोबत माती थोडीच आणते. मग सारा जोर तळाच्या गोट्यांवर निघतो. जुने गोटे घरंगळत जातात, नवे तेवढे येत नाहीत. तळ खोल जातो, काठ ढासळतो.

आपल्यापुरती भिंत बांधली तर पाण्याचा मारा खालच्या घरावर जातो. शेजाऱ्याचा हक्क मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. सगळ्या अंगणाला फरशी घालू नये, मातीचा ढीग पावसाआधी झाकावा आणि ओढ्यातले गोटे तिथेच राहू द्यावेत.