तिठ्यावरचं ज्ञान

'ट्रिव्हिया' या शब्दाला मराठीत धड प्रतिशब्द नाही. किरकोळ, फुटकळ, क्षुल्लक, बारीकसारीक हे सगळे शब्द त्याची हेटाळणी करतात, त्यातली मजा सांगत नाहीत. शब्दाचं मूळ मात्र साधं आहे. लॅटिनमध्ये 'ट्रिव्हियम' म्हणजे तीन वाटा जिथे मिळतात ती जागा, आपला तिठा. तिठ्यावरचं म्हणून सगळ्यांचं, आणि सगळ्यांचं म्हणून स्वस्त, असा या शब्दाचा प्रवास झाला. माझी तक्रार अशी की बंगळूरच्या पबांमध्ये भरणाऱ्या 'ट्रिव्हिया नाइट'ला हे नाव शोभत नाही, कारण तिथे तिठा नाहीच. तिथे वाट एकच आहे, ती इंग्रजीतून येते आणि इंग्रजीतच जाते.

हे मी त्या रात्रींची वैरीण म्हणून लिहीत नाही. मी पक्की घरकोंबडी. अनुवादाचं काम घरी बसून चालतं आणि कामाविना बाहेर पडायचं मला जिवावर येतं. लग्नसमारंभ, पुस्तक प्रकाशनं, 'कधीतरी भेटू या'वाली भेट, हे सगळं टाळण्यात मी तरबेज आहे. तरीही आठवड्यातली एक संध्याकाळ मी इंदिरानगरातल्या एका पबात काढते. दारावर कुत्र्यांचं स्वागत असल्याची पाटी आहे. माझ्यासारखीचं तिथे बरं चालतं, कारण कुणाशी काय बोलायचं हा प्रश्न उरत नाही. बोलायचा विषय माइकवरून मिळतो. अनोळखी चौघं एका कागदावर डोकी जुळवतात, भांडतात, चुकीचं उत्तर खोडून आणखी चुकीचं लिहितात. शेजारच्या टेबलाखालचं कुणाचं तरी कुत्रं आपल्या पावलावर हनुवटी टेकून झोपतं. ज्यांना गर्दी झेपत नाही त्यांच्यासाठी या शहराने इतकी सोयीची जागा दुसरी केलेली नाही. म्हणूनच तिच्याशी भांडावंसं वाटतं.

पण आधी माझ्याच गोटातल्या मंडळींशी. साहित्यातली बरीच माणसं या खेळाकडे नाक मुरडून बघतात. माहिती म्हणजे ज्ञान नव्हे, हे वाक्य ती अशा थाटात म्हणतात की जणू खेळणाऱ्यांना ते माहीतच नाही. त्यांना मी कलगी-तुऱ्याची आठवण करून देते. तुरेवाले शिवाला थोर म्हणणार, कलगीवाले शक्तीला; एका फडाने भेदिक लावणीतून कोडं टाकायचं, दुसऱ्याने लावणीतूनच ते सोडवायचं, आणि हे रात्र-रात्र चालायचं. पुराणं, अध्यात्म, व्याकरण, व्यवहार यांतलं काहीही विचारलं जाई, आणि ऐकणारा गावकरी शहाणा होऊन घरी जाई. उत्तर कर्नाटकात हाच सामना हरदेशी-नागेशी या नावाने कन्नडमध्ये रंगतो. तेव्हा रात्री चारचौघांत बसून अवघड प्रश्न विचारण्याची चैन आपल्याला साहेबाने शिकवली असं नाही. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांना ती ठाऊक होती, तीही एकाच सामन्याच्या दोन नावांनी.

आजचा खेळ मात्र दुसऱ्या वाटेने आला, हेही खरं. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात पबांतल्या प्रश्नमंजुषा फोफावल्या, आठवड्यातल्या मंद रात्री गिऱ्हाईक खेचायला त्या उपयोगी पडल्या. भारतात त्याआधीच, १९६७ मध्ये, नील ओ'ब्रायन यांनी कोलकात्यातल्या एका चर्चच्या सभागृहात पहिली खुली प्रश्नमंजुषा घेतली होती. १९७२ पासून रेडिओवर बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट आली, १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं 'क्विझ टाइम'. बंगळूरात १९८३ साली कर्नाटक क्विझ असोसिएशन स्थापन झाली आणि हे शहर या खेळाची एक राजधानीच बनलं. इथल्या जाणत्या क्विझवाल्यांनी एक फार चांगला दंडक घालून दिला: उत्तम प्रश्न पाठांतर तपासत नाही. तो असा रचलेला असतो की उत्तर ठाऊक नसलं तरी तीन-चार धागे जुळवून त्याच्यापर्यंत पोचता यावं. कोडं सुटल्यावर 'अरे, हे तर मला माहीत होतं!' असं वाटायला हवं.

माझं भांडण याच दंडकाच्या आधारे आहे. पबांतल्या रात्री हा दंडक इंग्रजीत मिळणाऱ्या जगापुरता पाळतात. 'फ्रेंड्स'मधल्या कॉफीहाउसचं नाव, हॉग्वर्ट्समधली चार घरं, प्रीमियर लीगमधल्या क्लबांची टोपणनावं, अमेरिकेतल्या राज्यांच्या राजधान्या. याला 'सामान्य' ज्ञान म्हणतात. कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी यांतलं काही आलंच तर ते 'इंडिया राउंड' नावाच्या एका डब्यात. भारतात बसून भारताचा वेगळा डबा करायचा, आणि ज्याला डबा लागत नाही ते जग, ही वाटणी कुणी केली? तीही अशा शहरात, जिथे २०११ च्या जनगणनेनुसार एकाही भाषेच्या वाट्याला निम्मी लोकसंख्या येत नाही?

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं. टेबलावर एक मल्याळी, एक बंगाली, एक मारवाडी आणि एक मराठी बसलेले; इंग्रजी हीच त्यांची सामाईक भाषा. कबूल. प्रश्न इंग्रजीतच विचारा. मी अनुवादक आहे, एका भाषेतली गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगता येते यावर माझं पोट चालतं. पण विचारण्याची भाषा आणि विचारलेल्या गोष्टीची भाषा या दोन वेगळ्या बाबी आहेत. हाचिको जपानी होता, लायका रशियन. त्यांच्याबद्दल इंग्रजीत विचारताना कुणाला अडचण येत नाही. मग इथलंच तेवढं का अडतं?

कुत्र्यांचा विषय निघालाच आहे तर उदाहरणही त्यांचंच घेऊ. कुत्र्यांचं स्वागत करणाऱ्या पबात कुत्र्यांवर एक फेरी हटकून असते आणि लायका-हाचिको तिचे कायमचे मानकरी. एका क्विझमास्तरला मी पुढचा प्रश्न सुचवला. दहाव्या शतकात कन्नडला रन्न हा महाकवी देणारं, पुढे मराठा घोरपड्यांच्या संस्थानची राजधानी असलेलं आणि २००५ साली टपाल तिकिटावर झळकलेल्या एका सडपातळ शिकारी कुत्र्याला नाव देणारं गाव कोणतं? उत्तर: मुधोळ, आज बागलकोट जिल्ह्यात. हा प्रश्न नीट बघा. साहित्य माहीत असलेला एका बाजूने येईल, इतिहासाचा वेडा दुसऱ्या, कुत्री पाळणारा तिसऱ्या. तीन वाटा एका गावात मिळतात. याहून शब्दशः ट्रिव्हिया कुठलं असणार? क्विझमास्तरने हसून सांगितलं, विषय फारच आडवाटेचा आहे, लोक कंटाळतील. ज्या राज्यात आपण बसलो होतो त्याच राज्यातलं गाव त्याला आडवाटेचं वाटलं, आणि स्कॉटलंडमध्ये मालकाच्या थडग्यापाशी वर्षानुवर्षं बसलेलं कुत्रं हमरस्त्यावरचं.

किंवा खंडोबा घ्या. मराठी माणूस ज्याला खंडोबा म्हणतो त्याला कन्नड भाविक मैलार म्हणतात. दोन्हीकडे देवाच्या सोबतीला कुत्रं आहे. इकडचे वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री मानत आले, तिकडचे गोरवही. रा. चिं. ढेरे आणि जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर यांनी या दैवताच्या मागावर वर्षानुवर्षं घालवली. एका कुत्र्याच्या निमित्ताने दोन भाषांचा देव एकच निघतो, ही गोष्ट टेबलावरच्या मराठी आणि कन्नड माणसाला एकाच वेळी कळली तर पुढची पाच मिनिटं ती दोघं काय बोलतील याचा विचार करा. त्यांच्या शहरात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला द्यावी असा कायदा २०२४ मध्ये झाला. बाहेरची पाटी कायद्याने बदलेल. आतल्या माइकवर काय बोललं जावं हे कायदा ठरवू शकत नाही, आणि ठरवूही नये. ते ठरवणं प्रश्न लिहिणाऱ्यांच्याच हातात आहे.

'लोक कंटाळतील' या दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर तर याच राज्यात रोज मिळत आलंय. दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर 'थट् अंत हेळी', म्हणजे 'पटकन सांगा', हा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम २००२ पासून सुरू झाला. ना. सोमेश्वर हे व्यवसायाने डॉक्टर असलेले सूत्रसंचालक. जिंकणाऱ्याला बक्षीस मिळतं ते कन्नड पुस्तकांचं. कोटी नाहीत, गाडी नाही. हजारो भाग झाले. कन्नडमधलं ज्ञान खेळण्याजोगं नसतं, लोकांना त्यात रस नसतो, असं म्हणणाऱ्याने ही गोष्ट विचारात घ्यावी. दोन खेळ एकाच शहरात चालतात, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

यात नुकसान कुणाचं? माझ्या टेबलावर गुलबर्ग्याकडचा एक तरुण असतो. इंग्रजी मालिका त्याने पाहिलेल्या नाहीत, म्हणून तो गप्प बसतो आणि आम्हाला पेनं पुरवतो. त्याला दख्खनी उर्दूतल्या म्हणी, वचनकारांची नावं, बहमनींची थडगी असं काय काय पाठ आहे. त्याची समजूत झाली आहे की त्याला 'जनरल नॉलेज' नाही. हा खेळ माणसाला हसतहसत हे पटवून देतो की तुझ्या भाषेत तुला जे कळतं ते मोजण्यालायक नाही. शाळेने जे छडी मारून शिकवलं तेच पब बिअर पाजून शिकवतो.

अलीकडे या पबांत एक चांगला बदल झाला आहे. पूर्वी टेबलांखाली लॅब्रॅडोर आणि बीगलच असायचे. आता रस्त्यावरून उचलून पाळलेली गावठी कुत्रीही येतात, त्यांना कौतुकाने 'इंडी' म्हणतात, त्यांचे वाढदिवस होतात. छानच झालं. पण रस्त्यावरच्या कुत्र्याला आत जागा मिळाली आणि रस्त्यावरच्या भाषेला मिळाली नाही, हा क्रम मला विचित्र वाटतो.

माझी मागणी फार मोठी नाही. इंडिया राउंड बंद करा. प्रत्येक फेरीत, सिनेमा असो, खाणं असो की कुत्री, निदान दोन प्रश्न असे ठेवा की ज्यांचा एक तरी धागा इंग्रजीबाहेरच्या भाषेतून येतो. प्रश्न इंग्रजीत, पण नावांचे उच्चार नीट. आणि दंडक तोच, जुना: माहीत नसेल तर जुळवता आलं पाहिजे. हे प्रश्न क्विझमास्तर एकट्याने लिहू शकणार नाहीत, त्यांना सगळ्या भाषा येत नाहीत. इथे या नियतकालिकाच्या वाचकांचं काम सुरू होतं. तुम्हाला दोन-तीन भाषा वाचता येतात, म्हणजे तुम्ही आधीच तिठ्यावर उभे आहात. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात आम्ही जे वर्षभर केलं ते याहून फारसं वेगळं नव्हतं. नाक मुरडणं सोडा, प्रत्येकी पाच प्रश्न लिहा, आणि येत्या आठवड्यात जवळच्या पबात नेऊन द्या. नाकारले तर पुढच्या आठवड्यात आणखी पाच. मी माझे लिहून ठेवले आहेत; पहिला मुधोळचाच आहे.