सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून...

मंडळी, वडिलोपार्जित जमिनीचा वाद निघाला की पहिला प्रश्न येतो, "सातबाऱ्यावर तुमचं नाव कुठाय?" आणि ज्याचं नाव नाही तो गप्प बसतो. माझ्या मते, गप्प बसायचं काहीच कारण नाही.

सातबारा हा मुळात महसुली उतारा. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे त्यातली नोंद खरी धरतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकीचा तो शेवटचा शब्द नव्हे.

मग सहमालकी दाखवायची कशी? मागे मागे जात. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. तो फेरफार काढायचा, मग त्याच्या आधीचा. आजोबांच्या वारस नोंदीत पुष्कळदा सगळी भावंडं सापडतात आणि थोरल्याच्या नावाला 'ए.कु.मॅ.' ही तीन अक्षरं जोडलेली असतात. एकत्र कुटुंब मॅनेजर! म्हणजे कारभारी, एकटा मालक नव्हे. पुढच्या नोंदीत ही अक्षरं गळाली की कारभाऱ्याची मुलं मालक होऊन बसतात. बहिणींची नावं तर कित्येकदा 'इतर हक्क' या रकान्यात सरकवलेली!

"इतकी वर्षं आम्हीच कसतोय" एवढ्याने इतरांचा हक्क बुडत नाही. एका सहहिश्शेदाराचा ताबा कायदा सर्वांचाच धरतो. इतरांचा हक्क उघडपणे नाकारून त्यांना बाहेर काढलं असेल तर गोष्ट वेगळी, पण ते त्यालाच सिद्ध करावं लागतं.

लेकींना २००५ च्या दुरुस्तीने मुलाइतकाच हक्क दिला. वडील तेव्हा हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. 'तोंडी वाटणी झाली होती' ही सबब सहसा चालणार नाही, असंही त्याच निकालात आहे. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री मोडता येत नाही.

तरी खरी अडचण कायद्याची नाहीच. "माहेर तुटेल" ही भीती, आणि "ताई, नुसती सही कर" म्हणत पुढे केलेलं हक्कसोडपत्र. भावाला हिस्सा प्रेमाने द्यावा, जरूर द्यावा. पण काय देतोय ते वाचून द्यावं. नाव लावायला सांगणं म्हणजे अविश्वास नव्हे.

भाचे-पुतण्यांनो, भांडण नसतानाच जुने फेरफार काढून ठेवा. आणि वंशावळ आम्हा म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्या. कागद तलाठ्याकडे मिळतील, पण कोण कुणाची लेक हे सांगणारी माणसं दरवर्षी कमी होतायत.

असो.