देशोदेशीच्या चालीरीती : गाईच्या गळ्यातली घंटा

बालमित्रांनो, स्वित्झर्लंड म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? बर्फाची शिखरं, चॉकलेट, घड्याळं आणि हिंदी सिनेमातली गाणी! तिकडे फिरून आलेल्या एखाद्या काकांच्या शोकेसमध्ये तुम्ही रंगीत पट्ट्याची छोटीशी घंटाही पाहिली असेल. १९९५ साली आलेल्या 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' या सिनेमातही अशी एक घंटा आहे. आईबाबांना विचारा, त्यांना नक्की आठवेल. पण ही घंटा मुळात शोभेची वस्तू नाही बरं का! ती गाईच्या गळ्यातली, रोजच्या कामाची वस्तू आहे.

आल्प्स पर्वत आपण भूगोलात शिकतो. पण तिथले शेतकरी 'आल्प' म्हणतात ते डोंगरावरच्या उंच कुरणाला. साधारण जून महिन्यात वरचा बर्फ वितळतो, हिरवंगार गवत उगवतं, आणि गुराखी गाई घेऊन वर जातात. तुम्ही म्हणाल, खाली गवत नसतं का? असतं की! पण ते गवत कापून, वाळवून हिवाळ्यासाठी साठवायचं असतं. हिवाळ्यात कुरणं बर्फाखाली जातात आणि गाई गोठ्यात असतात. तेव्हा खायचं काय? म्हणून उन्हाळ्यात गाईंनी वरचं खायचं आणि खालचं शिल्लक ठेवायचं, असा हा हिशेब.

वर डोंगरात धुकं आलं की दहा पावलांवरची गाय दिसत नाही. तेव्हा गुराखी कान लावतो. या घंटा दोन प्रकारच्या असतात. एक ओतीव काशाची, तिचा नाद स्वच्छ आणि लांबट. दुसरी पत्रा ठोकून केलेली, तिचा आवाज बसका आणि घुमणारा. प्रत्येक घंटेचा आवाज थोडा वेगळा. त्यामुळे कोणती गाय कुठे आहे, हे न बघताही कळतं. आहे की नाही गंमत?

आता दुधाचं काय करायचं? पूर्वी रोज इतकं दूध खाली नेणं शक्यच नव्हतं. म्हणून वरच्या झोपडीतच मोठ्या कढईत दूध तापवून त्याचं चीज करतात. चीज टिकतं, शिवाय ते दुधापेक्षा कमी जागेत मावतं. पण कुरण एक, गाई मात्र अनेकांच्या. मग वाटणी कशी करायची? युस्टिसटाल नावाच्या खोऱ्यात दर सप्टेंबरमध्ये ही वाटणी पाहायला माणसं जमतात. कोणाच्या गाईंनी किती दूध दिलं, त्यावरून कोणाला किती चीज मिळणार हे ठरतं. चिजाच्या चाकांसारख्या गोल वड्यांचे ढीग लावतात आणि कोणता ढीग कोणाचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. समजा, उन्हाळाभरात तुमच्या गाईंनी ३,००० लिटर दूध दिलं आणि शेजाऱ्याच्या गाईंनी ६,००० लिटर. तर शेजाऱ्याला तुमच्या दुप्पट चीज. गुणोत्तर आणि प्रमाण कशाला शिकायचं, असं विचारणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावं!

वाटणी झाली की घरी परतायचं. हा परतीचा दिवस म्हणजे गावाचा सणच. गाईंच्या डोक्यावर फुलं आणि गळ्यात नेहमीपेक्षा मोठ्या घंटा. आपल्याला बैलपोळा आठवेल. पण पोळा हा बैलांच्या विश्रांतीचा दिवस. इथे मात्र गाई सजूनधजून मैलोन्‌मैल चालत घरी येतात.

आपेनझेल भागात या मिरवणुकीचा क्रम ठरलेला आहे. आणि सर्वांत पुढे कोण असतं सांगा? तुमच्याच वयाची मुलं! पांढऱ्या शेळ्या हाकणारा मुलगा आणि पारंपरिक पोशाखातली मुलगी. त्यांच्यामागे पिवळी विजार आणि लाल जाकीट घातलेला मुख्य गुराखी. मग तीन गाई, त्यांच्या गळ्यात सुरात जुळवलेल्या तीन मोठ्या घंटा. त्यानंतर बाकीचा कळप, मालक आणि त्याचा कुत्रा.

शेजारच्या ऑस्ट्रियात, टिरोल प्रांतातही अशीच मिरवणूक निघते. पण तिथली एक रीत ऐकण्यासारखी आहे. त्या उन्हाळ्यात डोंगरावर एखादी गाय दगावली, किंवा मालकाच्या घरी कोणी वारलं, तर गाईंना फुलांनी सजवत नाहीत. कळप गुपचूप घरी येतो. फुलं दिसली की गावाला कळतं, सगळी सुखरूप परत आली! म्हणजे ही सजावट पाहुण्यांसाठी नसून गावकऱ्यांसाठी असते.

घंटेचा आणखी एक सण आहे, आणि तो तर खास मुलांचाच. स्वित्झर्लंडच्या एंगाडीन खोऱ्यात रोमान्श भाषा बोलतात. ही तिथल्या चार राष्ट्रीय भाषांपैकी सर्वांत लहान भाषा. तिथे १ मार्चला शाळेतली मुलं घंटा वाजवत, गाणी म्हणत गावभर फिरतात आणि थंडीला पळवून लावतात. या सणाचं नाव 'शालांदामार्त्स'. याच सणावर सेलिना चोन्झ यांनी एक गोष्ट लिहिली आणि आलोइस कारिजिए यांनी तिची चित्रं काढली. १९४५ साली ते पुस्तक निघालं. त्यातल्या उर्सलीच्या वाट्याला सर्वांत छोटी घंटा येते. आता मिरवणुकीत शेवटी चालावं लागणार! म्हणून तो एकटाच बर्फातून डोंगरावरच्या झोपडीत मोठी घंटा आणायला जातो. रात्र होते, तो तिथेच झोपी जातो आणि इकडे आईबाबांच्या जिवाला घोर लागतो. पुढे काय झालं, ते पुस्तक मिळालं तर वाचा.

सगळं कसं छान छान, नाही का? पण घंटेवरून तिथे भांडणंही होतात. बर्न प्रांतात आरवांगेन नावाचं गाव आहे. तिथे कुरणाजवळ राहणाऱ्या काहींनी तक्रार केली की रात्री गाईंच्या घंटांमुळे झोप लागत नाही. गाव खवळलं. घंटा राहिलीच पाहिजे म्हणून हजाराहून जास्त लोकांनी सह्या केल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ग्रामसभेने मोठ्या बहुमताने घंटेच्या बाजूने कौल दिला. त्याच महिन्यात युनेस्कोने स्वित्झर्लंडच्या या डोंगरी कुरणांच्या हंगामाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आणि गाईचं म्हणणं काय? झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी काही गाईंच्या गळ्यात साडेपाच किलोची घंटा बांधून पाहिली. त्या गाई कमी वेळ चरल्या आणि रवंथही कमी केला. म्हणजे जड घंटेचा त्रास होतो, हे दिसलं.

हे वर्गात सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, "मग बाई, बरोबर कोण?" मला विचाराल तर प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर आहे. घंटा गाईला शोधायला होती. तिच्या मानेला त्रास द्यायला नव्हती. रोज चरताना हलकी घंटा आणि मिरवणुकीच्या एका दिवशी मोठी, यात रीतही राहते आणि गाईलाही बरं वाटतं. शेजाऱ्याची झोप हाही विचार करण्याचाच प्रश्न आहे. जुनी गोष्ट जपायची तर ती कशासाठी होती, हे विसरून चालत नाही. तुम्हांला काय वाटतं? घरी आईबाबांशी बोला.

जाता जाता, तिकडे जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. परतीच्या मिरवणुका साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतात. दिवस हवामान पाहून ठरतो, म्हणून आधी चौकशी करा. कळप येताना रस्त्याच्या कडेला उभे राहा. कुरणातून जाताना उघडलेलं फाटक पुन्हा लावा. आणि वासरू कितीही गोड दिसलं तरी हात लावायला जाऊ नका, त्याची आई जवळच असते. तिच्या गळ्यातली घंटा ऐकू आली तर तिलाही वाट द्या!