दासगाव ते कशेडी, सायकलवरून

गोव्याला निघालेली गाडी महाड-पोलादपुरात थांबते ती चहापुरती. पाहुण्यांचा समज असा की कोकण बघायचं तर समुद्रावर जायचं, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन. आमची बिरवाडी काळ नदीच्या काठची, वरंध घाटाच्या वाटेवरची. तिथे कोण उतरणार? पण सावित्रीच्या खाडीवाटे समुद्र आमच्या दारापर्यंत येतो. हे सायकलवरून जितकं कळतं तितकं गाडीतून कळत नाही. म्हणून परवा भाच्याला घेऊन भल्या पहाटे निघालो. पहाटे अशासाठी, की दिवस वर आला की एमआयडीसीचे टँकर रस्त्यावर येतात आणि सायकलवाल्याला कडेच्या खडीत उतरावं लागतं.

महाडच्या पुढे गांधारपाल्याची लेणी आहेत. महामार्गावरून ती दिसतात, पण पायऱ्या चढून जाणारे थोडेच. डोंगरात तीसेक लेणी आहेत, आणि एका ब्राह्मी लेखात युवराज काणभोज विष्णुपालिताच्या दानाची नोंद आहे: लेणं, चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याची टाकी. दाता राजपुत्र असूनही पाण्याची नोंद त्याने सोडली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. वरून सावित्रीचं पात्र दूरवर दिसतं. या खोऱ्यात लेणी का खोदली, बंदरातून घाटाकडे जाणारा माल कुठून जात असेल, हे तिथे उभं राहिलं की आपोआप उमगतं.

तिथून दासगाव. आज महामार्गावरचं एक गाव, पण कधी काळी बोटी लागायच्या ते बंदर. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७चा. तो सगळ्यांना माहीत असतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाबासाहेब दुसऱ्या परिषदेसाठी पुन्हा महाडला आले. धरमतरहून महाडला येणाऱ्या मोटारींचे मालक बहिष्कार घालणार असल्याचं कळलं होतं, म्हणून त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या मंडळींनी बोटीने दासगाव गाठलं आणि तिथून पाचेक मैल चालत महाडला गेले. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली ती याच परिषदेत. बाबासाहेबांना महाडला बोलावण्यात पुढाकार घेणारे रामचंद्र बाबाजी मोरे याच दासगावात वाढले. सायकलला दासगाव ते महाड हे अंतर अर्ध्या तासाचं. भाचा मध्येच म्हणाला, “मामा, हे सगळे चालत गेले त्या वाटेवर एक पाटीसुद्धा नाही?” मला ती कुठे दिसली नव्हती. चारपदरी रस्त्याच्या कडेला ही पाच मैलांची वाट चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी वेगळी आखायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

परदेशात बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर अशा वाटा करतात. न्यूझीलंडच्या ओटागो भागात १९९०मध्ये बंद झालेल्या मार्गाचे रूळ काढले आणि २०००मध्ये तिथे सुमारे दीडशे किलोमीटरची सायकलवाट सुरू झाली. आगगाडीला तीव्र चढ सोसत नाही, म्हणून ती वाट म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही झेपते. आपल्याकडे रोहा ते वीर गाडी धावली ती १९९३मध्ये, आणि सगळा कोकण मार्ग खुला झाला १९९८च्या जानेवारीत. इतकी वर्षं वाट पाहून मिळालेले हे रूळ कधीच ओस पडू नयेत. दासगावच्या खाडीतल्या रेल्वेच्या भरावाने पुराचं पाणी तुंबतं, ही महाडकरांची तक्रार आहे, आणि जुलै २०२१चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना ती हलक्यावारी घेता येणार नाही. पण रेल्वे हवीच.

मग आपली सोडलेली वाट कुठली? तर पोलादपूरच्या पुढचा कशेडीचा जुना घाट.

महाडहून पोलादपूरकडे जाताना सावित्रीवरचा नवा पूल लागतो. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसह गेल्या. तिथे आम्ही उतरून काही वेळ उभे राहिलो. पोलादपुरात वडापाव खाल्ला, कवींद्र परमानंदांच्या समाधीला नमस्कार केला. उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीला जायचं होतं, पण ते एका दिवसात बसेना.

कशेडीला बोगदा झाला आणि २०२३च्या गणेशोत्सवात त्यातून गाड्या सुटू लागल्या. आगगाडी तर आधीपासूनच नातूवाडीच्या चार किलोमीटरहून लांब बोगद्यातून जाते. ज्या वळणांवर चाकरमान्यांच्या गाड्या तासन्‌तास अडकायच्या, तिथली गर्दी आता ओसरली आहे. चढ दमवणारा आहे, ओटागोसारखा सौम्य नाही. पण डांबर तयार आहे, वळणं आखलेली आहेत, जमीन संपादन करायची नाही. भोगावजवळ रस्ता खचतो हे खरं. मात्र तिथून अवजड ट्रक नेण्यापेक्षा सायकल नेणं केव्हाही सोपं. निदान हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी हा घाट सायकलींसाठी राखून ठेवावा, प्यायच्या पाण्याची सोय करावी, आणि कोकम सरबत, भाकरी-पिठलं विकायला भोगावच्या बायकांना आधी जागा द्यावी. भाच्याने या मागणीचा अर्ज लिहायला घेतला आहे. घाटाच्या दोन्ही बाजूंच्या ग्रामपंचायतींकडे तो घेऊन आम्ही सायकलनेच जाणार आहोत.