नातीचें वय आणि परदेशचें बिऱ्हाड

आमच्या चिरंजीवांस जर्मनींतून दोन बोलावणीं आलीं. एक म्युनिकचें, दुसरें बर्लिनचें. म्युनिकला वेतन अधिक, म्हणून घराचा कल तिकडे. आम्हीं मात्र प्रथम नातीचें वय पाहिलें. ती नऊ वर्षांची. जर्मन भाषेचा तिला गंध नाहीं. म्युनिक ज्या प्रांतांत आहे त्या बव्हेरियांत प्राथमिक शाळा चार इयत्तांची. चौथींतील जर्मन, गणित व परिसर-अभ्यास यांच्या गुणांवरून मूल गिम्नाझियमांत जावयाचें कीं नाहीं तें बहुधा ठरतें. (सरासरी २.३३ पर्यंत हवी. तेथें १ हा सर्वोत्तम गुण. सूनबाईंस हें पटेना!) परभाषी मुलांस कांहीं सवलत आहे, मागाहून वाट बदलतांही येते, पण कोवळ्या वयांत तो भार कशास? बर्लिनला प्राथमिक शाळा सहा इयत्तांची. दोन वर्षें अधिक मिळतात, वाचकहो!

सरकारी प्राथमिक शाळा दोन्हीकडे राहत्या पत्त्यावरून नेमून मिळते. तेव्हां शाळा पाहूनच घर घ्यावें. धाकट्या नातवासाठीं शिशुगृहांस आतांच पत्रें घालावयास सांगितलें. एक वर्ष पुरें झालेल्या मुलास तेथें जागेचा हक्क २०१३ पासून कायद्यानें आहे, पण जागा दुर्मिळ. जेवणांत मांस वाढतात काय, हें पत्रांत आधीं विचारा, असा आमच्या कुटुंबाचा आग्रह. तो आम्हांस योग्य वाटतो.

उत्तर धाडण्यास आठ दिवस आहेत. चिरंजीव म्युनिकच्या वेतनाचा आंकडा अजून घोकीत आहेत.