चक्रीवादळ : शब्द आणि इशारा

'चक्रीवादळ' हा शब्द मराठी वाचकांच्या आता अंगवळणी पडला आहे. ज्या 'सायक्लोन' शब्दाचा तो प्रतिशब्द, त्याचा जन्म कलकत्त्यातला. हेन्री पिडिंग्टन यांनी सागरी वादळांच्या नोंदी अभ्यासून, नागाच्या वेटोळ्याचा बोध करून देणाऱ्या ग्रीक शब्दावरून तो घडविला आणि १८४८ मध्ये खलाशांसाठी लिहिलेल्या ग्रंथात योजला. अटलांटिकमधील 'हरिकेन' आणि वायव्य पॅसिफिकमधील 'टायफून' ही याच वादळाची प्रादेशिक नावे होत.

आपल्याकडे या वादळांचे वर्गीकरण वाऱ्याच्या वेगावरून होते. हवामान खात्याच्या परिभाषेत ताशी ६२ किलोमीटरपासून 'चक्रीवादळ', ८९ पासून 'तीव्र' आणि ११८ पासून 'अतितीव्र' चक्रीवादळ. शास्त्रदृष्ट्या हे योग्यच आहे. परंतु सामान्य माणूस या विशेषणांवरूनच आपल्या जिवाच्या धोक्याचे मोजमाप करतो, आणि तेथे घात होतो. कारण उथळ समुद्र आणि सखल किनारा असेल तेथे वाऱ्यापेक्षा त्याने लोटलेले समुद्राचे पाणीच अधिक बळी घेते. नोव्हेंबर १९७० मध्ये आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर काही लाख माणसे मृत्युमुखी पडली, ती मुख्यतः या पाण्याने.

पिडिंग्टन यांना हे पुरते ठाऊक होते. कलकत्त्याजवळ मातला नदीवर नवे बंदर उभारण्याचा बेत होता, तेव्हा १८५३ मध्ये त्यांनी गव्हर्नर जनरलना पत्र लिहून समुद्राच्या लोंढ्याचा धोका दाखवून दिला. तो मानला गेला नाही. कॅनिंग बंदर उभे राहिले आणि १८६७ च्या वादळात उद्ध्वस्त झाले.

इशारा कळला आणि मानला गेला, तर काय साधते हे ओडिशाने दाखवून दिले. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ मध्ये 'फायलिन'पूर्वी सुमारे दहा लाख लोक हलविण्यात आले आणि मृतांची संख्या काही दशकांवर राहिली.

जून २०२० मध्ये 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळल्यापासून हा प्रश्न कोकणाचाही आहे. हवामान खाते पाणी किती चढेल याचाही अंदाज देते. मथळ्यात मात्र येतो तो वाऱ्याचा वेग. वृत्तपत्रांनी पाण्याची उंची तितक्याच ठळकपणे छापावी आणि शिक्षकांनी व्याख्येबरोबर तिचा अर्थही शिकवावा. पाणी कोठवर येणार आणि घर केव्हा सोडावयाचे, हे ज्यातून किनाऱ्यावरच्या माणसाला उमजत नाही, तो शब्द कितीही शास्त्रशुद्ध असला तरी इशारा म्हणून अपुराच होय.