पेशी आणि ड्रॅगन फ्रूट

पावसाळा सरत आला की आमच्या हातकणंगल्यात दवाखाने भरतात आणि फळगाड्यांवर ड्रॅगन फ्रूट पुढच्या रांगेत येऊन बसतं. डेंग्यूच्या पेशंटला भेटायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न प्लेटलेटचा ठरलेला, "पेशी किती हाईत?" पन्नास हजार म्हटलं की लगेच सल्ला येतो, "ड्रॅगन द्या की, झटक्यात वाढत्यात!"

फळाशी माझं वाकडं नाही. मूळचं अमेरिका खंडातलं हे निवडुंग कमी पाण्यावर तग धरतं, म्हणून शेजारच्या सांगली जिल्ह्यात चांगलं रुजलं. 2021 साली तिथल्या तडसरचं ड्रॅगन फ्रूट थेट दुबईला गेलं. सिमेंटचा खांब, वर गोल कडं आणि भोवती चार रोपं अशी त्याची लागवड. फूल रात्री उमलतं आणि ऊन चढलं की कोमेजतं. आत पांढरा किंवा गर्द लाल गर, त्यात तिळाएवढ्या काळ्या बिया. चव बेताचीच गोड. ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी आणि बऱ्यापैकी चोथा, त्यामुळे पोट साफ राहतं. लाल गराचं खाल्लं तर लघवी लालसर होऊ शकते. बीट खाल्ल्यावर होते तशीच, घाबरायचं कारण नाही.

पण पेशींचं काय? डेंग्यूत ताप उतरायच्या सुमारास पेशी घटतात आणि बहुतेकांच्या दोन-चार दिवसांत आपणहून वाढू लागतात. नेमकं तेव्हाच फळ पोटात गेलेलं असतं, म्हणून श्रेय त्याला मिळतं. फळामुळे पेशी वाढतात याला भक्कम पुरावा नाही. खरा धोका ताप उतरल्यावरच असतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त यांपैकी काहीही दिसलं तर फळ कापत बसू नये, दवाखाना गाठावा. अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनानं घेऊ नये. पेज, ताक, शहाळं पोटात जात राहावं.

आणि क जीवनसत्त्वच हवं असेल, तर त्याच गाडीवरच्या पेरूत ते ड्रॅगनच्या कितीतरी पट असतं. पेरूही अमेरिकेतूनच आलेला. पण तो इथला झाला, स्वस्त झाला आणि पेशंटच्या उशाशी ठेवायच्या लायकीचा उरला नाही!

भेटीला जाताना ड्रॅगन जरूर न्या. घरी आल्यावर मात्र फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर आणि उघडी टाकी यांत डासांना पोसणारं पाणी साचलंय का बघा. आठवड्यातून एकदा ते पाणी काढून कोरडा दिवस पाळला, तर पेशी मोजायची पाळी कमी जणांवर येईल.